डबा की कॅन्टीन, आणि खाऊचे पैसे किती?

कांदिवलीच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगा सातवीत, वय १२. शाळा सकाळी आठ ते दुपारी अडीच. डबा रोज अर्धा परत येतो. वर्गातली बरीच मुले कॅन्टीनमध्ये खातात, म्हणून तोही रोज साठ रुपये मागतो. त्याचे बाबा म्हणतात, देऊन टाकू, तेवढाच व्यवहार शिकेल. सासूबाईंना बाहेरचे खाणे अजिबात मान्य नाही. काय करावे, आणि पैसे द्यायचेच तर किती?"

मी गेली बावीस वर्षे दादरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि मधली काही वर्षे दोन शाळांच्या कॅन्टीन समितीवरही होते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. डबा चालू ठेवा, आठवड्यातला एक ठरलेला दिवस कॅन्टीनसाठी मोकळा ठेवा, आणि मुलाला हातखर्चाचे पैसे जरूर द्या, मात्र ते जेवणाच्या पैशांत मिसळू नका. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक पालकांना पटतात. तिसरी पटवायला वेळ लागतो, म्हणून तिच्याविषयी पुढे जरा सविस्तर लिहिते.

डबा अर्धा परत आला की घरात पहिला संशय चवीवर जातो. भाजी आवडली नसेल, पोळी वातड झाली असेल, असे म्हणून आई आणखी अर्धा तास लवकर उठून काहीतरी नवे करून पाहते. माझ्या अनुभवात चव हे कारण बरेच खाली येते. वर असतात वेळ, सोबत आणि साधी हाताची सोय. एकदा दुसरीतल्या मुलीला घेऊन आई-वडील आले होते. पंधरा दिवस तिचा डबा जसाच्या तसा परत येत होता. घरी रागावून झाले, समजावून झाले, बालरोगतज्ज्ञांकडून जंताचे औषधही देऊन झाले. मी तिला तोच डबा माझ्या टेबलावर उघडायला सांगितला. चारही बाजूंना घट्ट क्लिपा असलेला, सांडू नये म्हणून मुद्दाम आणलेला नवा डबा होता तो, आणि तिच्या बोटांना त्यातली एकच क्लिप उघडता आली. बाईंना सांगायची तिला लाज वाटत होती. जुना झाकणाचा डबा पुन्हा सुरू झाला आणि तक्रार संपली.

तुमचा मुलगा क्लिपा उघडू शकेल, पण त्याच्याही सुट्टीचे गणित एकदा मांडून पाहा. समितीवर असताना मी एका शाळेत घड्याळ घेऊन मोठ्या सुट्टीत उभी राहिले होते. सव्वाबाराला घंटा झाली. तिसऱ्या मजल्यावरची मुले हात धुऊन खाली पोहोचेपर्यंत पाच मिनिटे गेली. कॅन्टीनची खिडकी एक, देणारी माणसे दोन आणि रांगेत चाळीसएक मुले. शेवटच्या काही मुलांच्या हातात बशी पडली तेव्हा बारा वाजून एकोणतीस मिनिटे झाली होती आणि पुढची घंटा बारा पस्तीसला होती. वर्गात डबा खाणारी मुले तोवर खाऊन, थोडे पळून, घामाघूम होऊन परतलीही होती. रांगेतल्या मुलांनी काय घेतले हेही मी पाहिले. गरम इडली ताटलीत काढायला, सांबार ओतायला वेळ लागतो. वेफर्सचे पाकीट खिडकीतून एका सेकंदात बाहेर येते. रांग जसजशी रेंगाळत गेली तसतशी मागची मुले आधी ठरवलेले बदलून पाकीट मागू लागली. आपण मुलांच्या जिभेला दोष देतो, पण त्यांच्या निवडीत त्या रांगेचा वाटा फार मोठा असतो.

आता तुमच्या मुलाचा दिवस पाहू. शाळा आठची, म्हणजे तो सात-सव्वासातला व्हॅनमध्ये बसत असणार. त्या वेळी मुंबईतल्या बहुतेक मुलांच्या पोटात कपभर दूध आणि फार तर दोन बिस्किटे असतात. दहाच्या छोट्या सुट्टीतला खाऊ हा त्याचा खरा नाश्ता आहे आणि मोठ्या सुट्टीतला डबा हे जेवण. तीन-सव्वातीनला घरी येईपर्यंत मध्ये दुसरे काही नाही. अनेक घरांत छोट्या डब्यात बिस्किटे किंवा केकचा तुकडा आणि मोठ्या डब्यात सगळा भार, अशी वाटणी असते. ती उलटी करून पाहा. दहाला पोटभरीचे आणि सव्वाबाराला आटोपशीर दिले, तर परत येणारा डबा पुष्कळदा आपोआप रिकामा होतो. (सकाळी सात ते साडेबारा किंवा दुपारी साडेबारा ते सहा अशी सत्राची शाळा असेल, तर मुलाचे जेवण घरीच होते आणि डबा म्हणजे केवळ मधले खाणे. अशा मुलांच्या डब्यात तीन पोळ्या कोंबण्याचा हट्ट सोडून द्यावा.)

किती द्यायचे याला एक सोपे माप आहे. सरकारी शाळांतल्या मध्यान्ह भोजनासाठी, म्हणजे आताच्या पीएम पोषण योजनेसाठी, पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. माझ्याकडे येणारे सुखवस्तू पालक हे आकडे ऐकून चकित होतात, कारण त्यांच्या घरचा डबा प्रथिनांच्या बाबतीत या प्रमाणापर्यंत पोहोचत नाही. दोन मध्यम पोळ्या आणि बटाट्याची भाजी यांतून साधारण सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याच पोळ्यांबरोबर मटकीची किंवा चवळीची कोरडी उसळ गेली, आणि छोट्या डब्यात उकडलेले अंडे किंवा मूठभर शेंगदाणे व गूळ गेला, तर दोन्ही डबे मिळून वीस ग्रॅमच्या जवळ सहज जाता येते. त्यासाठी बाजारातली महाग पावडर लागत नाही. डब्यात लिंबाची फोड ठेवली तर उसळीतले आणि पालेभाजीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. आपल्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात ते या दृष्टीनेही योग्यच आहे.

पदार्थ निवडताना एका हाताने, न सांडता, सात-आठ मिनिटांत खाता येतो का, एवढे पाहा. मिश्र पिठांचे धिरडे, कोथिंबीर घातलेले थालीपीठ, मेथीचे ठेपले, उसळ भरून केलेली पोळीची गुंडाळी, इडलीचे तुकडे करून दिलेली फोडणीची इडली हे सगळे या परीक्षेत उतरते. रस्साभाजी, वरणभात आणि मोठा घास करावा लागणारा पदार्थ उतरत नाही, मग तो घरी कितीही आवडीचा असो. वासाचाही विचार करावा लागतो. मालवणी आणि कोळी घरांतली मुले मला सांगतात की घरी सुकट-बोंबील मनापासून खातो, पण वर्गात डबा उघडला की शेजारचे नाक धरतात. काही शाळांत तर अंडेही आणू देत नाहीत. हा प्रकार मला मुळीच आवडत नाही, परंतु बारा वर्षांच्या मुलाने ती लढाई रोज एकट्याने लढावी अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही; त्याला मासे रात्रीच्या जेवणात द्यावेत. आणखी एक: डबा वाटून खाणे हा मधल्या सुट्टीतला अर्धा आनंद असतो. मुलाचे मित्र जे मागून खातात तो पदार्थ आठवड्यातून एकदा मुद्दाम जास्त द्या. आपल्या डब्याला मागणी आहे हे कळलेला मुलगा तो सहसा परत आणत नाही.

मुंबईच्या हवेबद्दल दोन शब्द. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात फार वेळ राहिले की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात किंवा जूनच्या दमटपणात दप्तरातला डबा नेमका त्याच पट्ट्यात असतो. साडेसहाला भरलेला डबा सव्वाबाराला उघडला जातो, म्हणजे पावणेसहा तास. त्यामुळे मोठ्या सुट्टीसाठी ओले खोबरे घातलेली चटणी, पनीर आणि रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात टाळावा. भात उरलाच तर तो रात्री लवकर फ्रीजमध्ये जावा आणि सकाळी वाफ निघेपर्यंत गरम व्हावा. तोही दहाच्या सुट्टीत संपेल असाच द्यावा. पोळी आणि भाजी कोमट झाल्यावरच झाकण लावावे, कारण गरम डब्यात वाफेचे पाणी सुटते, पोळी चिवट होते आणि भाजी लवकर आंबते. अन्न जेमतेम कोमट ठेवणारा डबा काहीच उपयोगाचा नाही. तो ना धड गरम ठेवतो, ना धड गार.

कॅन्टीनकडे वळते. सासूबाईंची भीती निराधार नाही, पण सगळी कॅन्टीन एका मापाने मोजू नयेत. काही पूर्ण वेळाच्या शाळांत सर्व मुलांना एकच ठरलेले जेवण मिळते: वरण, भात, पोळी, एक भाजी, काकडी. तिथे मुले बसून खातात, बरोबरच्या मुलांकडे पाहून दुधी आणि पडवळही खातात, आणि कुणाच्या डब्यात काय आहे यावरून होणारी तुलना संपते. अशी सोय असेल तर मी डब्याचा आग्रह धरणार नाही. तुमच्या मुलाच्या शाळेत मात्र, साठ रुपये रोज मागितले जात आहेत यावरून, खिडकीवर विक्री होत असावी. अशी कॅन्टीन बहुधा कंत्राटावर चालतात. कंत्राटदाराला भाडे भरायचे असते, सुट्टीच्या वीस मिनिटांत धंदा करायचा असतो आणि शिल्लक राहिलेली इडली फेकून द्यावी लागते. पाकीट मात्र महिनाभर टिकते, समोसा दुसऱ्या सुट्टीत पुन्हा तळता येतो. कंत्राटदार वाईट असतो असे नव्हे, सौदाच तसा ठरलेला असतो.

नियमांची उणीव नाही. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर यांसारखे पदार्थ विकण्यास मनाई केली. केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे विनियम त्याहून पुढे जातात: जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. मुंबईच्या कोणत्याही गल्लीतल्या शाळेपासून ५० मीटर चालून पाहा, वाटेत एक बेकरी, एक टपरी आणि एक वडापावची गाडी हमखास लागेल. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक, म्हणजे कोणत्या पदार्थात किती साखर असते हे दाखवणारे तक्ते, लावायला सांगितले आहे आणि ते उपयोगी आहेत, कारण मुले स्वतः वाचतात. टेट्रापॅकमधल्या आंब्याच्या छोट्या पेयात साधारण वीस ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली कडक मर्यादा, म्हणजे एकूण ऊर्जेच्या ५ टक्के, धरली तर तुमच्या मुलाच्या वयाला दिवसाला जेमतेम सत्तावीस ग्रॅम वरून घातलेली साखर चालते. घरचे दूध, चहा, जॅम आणि बिस्किटे अजून मोजलेलीच नाहीत.

पालक-शिक्षक संघाच्या सभेला जाल तेव्हा "जंक फूड बंद करा" एवढेच म्हणून उपयोग होत नाही. सगळे माना डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारा. चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक खिडकीपाशी लावलेला आहे का? महिन्याला तेलाचे किती डबे येतात, आणि वापरलेले तेल कुठे जाते? तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. ज्या कंत्राटदाराकडे जुन्या तेलाचा हिशेबच नसतो त्याच्या कढईत काय चालले असेल ते सांगायला नको. या सगळ्यांहून मोठी मागणी म्हणजे मोठी सुट्टी दहा मिनिटांनी वाढवण्याची. मी ज्या दोन समित्यांवर होते त्यांपैकी एका शाळेने ती मान्य केली आणि कॅन्टीनमधला इडली-उपम्याचा खप वाढला, वर्गातले परत जाणारे डबेही कमी झाले. दुसऱ्या शाळेने वेळापत्रक बसत नाही म्हणून नाकारली.

आता पैशांचे. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीला तिची आई घेऊन आली. केस गळत होते, प्रार्थनेला उभी असताना दोनदा चक्कर आली होती. हिमोग्लोबिन ८.६ निघाले. आई पहाटेच्या लोकलने कामाला जात असे, म्हणून डब्याऐवजी रोज पन्नास रुपये देत असे, आणि मुलगी कॅन्टीनमध्ये व्यवस्थित खाते असा तिचा समज होता. बोलता बोलता मुलीने दप्तरातून कंपासपेटी काढली आणि तळाचा कागद उचलला. खाली घडी घातलेल्या नोटा होत्या, अठ्ठावीसशे पन्नास रुपये. चार महिने ती शाळेत जवळजवळ काहीच खात नव्हती. मैत्रिणींबरोबरच्या सहलीसाठी साठवत होती. घरी पैसे मागायची तिला हिंमत नव्हती. पाळी सुरू होऊन वर्ष झालेले, या वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते, आणि ही सकाळच्या चहानंतर दुपारी दोनपर्यंत उपाशी. केवळ उपासामुळे हिमोग्लोबिन एवढे खाली आले असे मी म्हणणार नाही, पण त्याने भर नक्कीच घातली. तेव्हापासून मी या प्रश्नाकडे लक्ष देऊ लागले आणि असे प्रकार वाटतात त्याहून पुष्कळ आढळतात. मुलगे गेमच्या टॉप-अपसाठी वाचवतात, मुली वाढदिवसाच्या भेटींसाठी.

म्हणून माझा आग्रह असा की, जेवणासाठी दिलेल्या पैशांतून बचत करण्याची संधीच मुलाला मिळू नये, कारण ती बचत तो स्वतःच्या भुकेतून करतो. बाबांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, मुलाने व्यवहार शिकलाच पाहिजे; पण भुकेल्या पोटी, पंधरा मिनिटांत, एकाच खिडकीसमोर, ठरलेल्या किमतीला वस्तू घेण्यात व्यवहार तो कोणता? व्यवहार शिकायला थांबण्याची सवड लागते. सातवीच्या मुलाला रविवारी संध्याकाळी आठवड्याचे एकत्र शंभर रुपये द्या आणि पुढच्या रविवारपर्यंत मध्ये काहीही भर घालू नका. बुधवारी संपले तर संपले. पेन, स्टिकर, बर्फाचा गोळा, बोरे, मित्राची भेट, जे काही असेल ते त्यातून. प्रत्येक रुपयाचा जाब विचारू नका. एका छोट्या वहीत त्याने स्वतः लिहावे आणि महिन्याने तुम्ही दोघांनी बसून ती चाळावी. आमच्या शाळेत संचयिका होती. आठवड्याला रुपया-दोन रुपये भरून पासबुकात नोंद व्हायची, आणि त्या नोंदीचा अभिमान जमलेल्या रकमेपेक्षा मोठा असे. आज त्याची जागा बँक घेऊ शकते: रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार दहा वर्षांवरील मूल बचत खाते स्वतः चालवू शकते, मर्यादा बँक ठरवते.

कॅन्टीनच्या दिवसाचे पैसे वेगळे, त्याच दिवशी सकाळी द्या, आणि त्या दिवशीही दहाच्या सुट्टीचा छोटा डबा बरोबर असू द्या. दिवस मुलाने निवडावा. त्या दिवशी त्याने समोसापाव खाल्ला तर त्यावर एक शब्दही बोलू नका. आठवड्यातून एका समोशाने काही बिघडत नाही. डबा संपवला तर दहा रुपये, परत आणला तर हातखर्च बंद, अशी बक्षिसे आणि दंड मात्र कटाक्षाने टाळा. ते सुरू झाले की मुले डबा व्हॅनच्या खिडकीतून किंवा शाळेच्या कचराकुंडीत रिकामा करायला फार लवकर शिकतात. शाळेत प्रीपेड कार्ड असेल तर त्यात कॅन्टीनच्या दिवसापुरतेच पैसे भरा. कार्डातून पैसे गेलेले हाताला जाणवत नाहीत, शिल्लक पालकांच्या मोबाइलवर दिसते, मुलाला नाही.

रोजचे साठ रुपये म्हणजे किती, तेही एकदा कागदावर मांडा. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरते, म्हणजे तेरा हजार दोनशे रुपये. हा आकडा मुलासमोर मांडावा असे मी सुचवेन, धाक म्हणून नव्हे, माहिती म्हणून. दुसऱ्या बाजूला डब्यामागचे श्रमही मोजायला हवेत, आणि ते बहुतेक घरांत एकटी आई करते. पैसे देऊन टाकू असे म्हणणारी व्यक्ती पाचला उठणारी नसते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तुमच्या घरात तसे नसेल तर हे वाक्य सोडून द्या. बारा वर्षांचा मुलगा रात्री मटकी भिजत घालू शकतो, अंडी उकडू शकतो, स्वतःचा डबा भरून परत आल्यावर घासू शकतो. बाबांनी आठवड्यातले दोन दिवस घ्यावेत. सासूबाईंच्या हातचे थालीपीठ सोमवारी जावे, म्हणजे त्यांनाही नुसते नको म्हणण्यापेक्षा काही करता येईल.

पुढचे तीन आठवडे रोज काय परत आले आणि त्या दिवशी मोठ्या सुट्टीत काय होते, एवढेच लिहून ठेवा. खेळाचा तास सुट्टीला लागून असेल, कुणी डबा हिसकावत असेल, एखाद्या मित्राशी भांडण झाले असेल, तर ते या नोंदीत दिसून येते. वजन वर्षभर वाढलेले नसेल, संध्याकाळी तो गळून जात असेल किंवा अभ्यासात चटकन थकत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून रक्त तपासून घ्या. १२ ते १४ वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. अहवाल आणि नोंदींची वही दोन्ही हातात असतील, तर पुढचा सल्ला देणाऱ्याचे काम निम्म्याने हलके होते.